बिनाका गीतमाला आणि कोकण किनारा

बिनाका गीतमाला : हिंदी चित्रपटगीतांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावून ती दर आठवड्याला ऐकवणारा रेडिओ कार्यक्रम. रेडिओ सिलोनच्या (सिलोन म्हणजे आजची श्रीलंका) हिंदी सेवेवर ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, त्याची सुरुवात झाली. १९८८ पर्यंत तो कोलंबोहूनच प्रसारित होई. १९८९ ते १९९४ या काळात तो विविध भारतीवर होता आणि पुढे २००१ ते २००३ च्या सुमारास त्याचे पुनरुज्जीवन झाले. निवेदक पहिल्यापासून अखेरपर्यंत एकच, अमीन सयानी (१९३२–२०२४). प्रायोजक कंपनीने बिनाका टूथपेस्टचे नाव सिबाका केल्यावर कार्यक्रमही ‘सिबाका गीतमाला’ झाला. कोकणात मात्र जुनेच नाव टिकले, आणि घरोघरी तर नुसते ‘सिलोन’ म्हटले की बुधवारी रात्री काय लावायचे ते सगळ्यांना कळे.

हा कार्यक्रम देशभर ऐकला गेला. कोकणपट्टीत त्याचे स्थान थोडे निराळे होते, कारण तिथे गाणे सिनेमाच्या आधी पोचले. बहुतेक गावांत चित्रपटगृह नव्हते, बऱ्याच गावांत वीज नव्हती, पावसाळ्यात खाडीपलीकडे जाणेही जिकिरीचे. अशा ठिकाणी एखादे गाणे पंचवीस आठवडे ऐकून तोंडपाठ होई आणि त्याचा चित्रपट दोन वर्षांनी जत्रेतल्या तंबूत दिसे. कधी दिसतही नसे.

पार्श्वभूमी

गीतमालेचा जन्म आकाशवाणीच्या धोरणामुळे झाला. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. ते मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे जाणकार, आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचे प्रमाण घटवले गेले, गाण्याआधी चित्रपटाचे नाव सांगणे बंद झाले; नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, असा त्यामागचा युक्तिवाद. चिडलेल्या निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. याच आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमवरही बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. जिथे पेटीवाचून भजन उभे राहत नाही आणि दशावताराचा खेळ रंगत नाही, त्या मुलखाला हे सोवळे कसे मानवावे? त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गीतरामायण सुरू होते आणि किनाऱ्यावरच्या घरांतून तेही भक्तिभावाने ऐकले जाई, हे नमूद केले पाहिजे. लोकांना दोन्ही हवे होते. एकच मिळत होते, म्हणून दुसऱ्यासाठी काटा सिलोनकडे वळला.

कोलंबोचे केंद्र दुसऱ्या महायुद्धाची देणगी. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडखालच्या सैनिकांसाठी उभारलेला १०० किलोवॉटचा लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपक युद्धानंतर सिलोन सरकारच्या हाती आला. एवढ्या ताकदीचे यंत्र एका छोट्या बेटासाठी फारच झाले. शेजारचा भला थोरला देश गाण्यांना आसुसलेला होता. पन्नाशीच्या सुरुवातीला रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली आणि हिंदी कार्यक्रमांना भारतातले जाहिरातदार मिळू लागले. हे प्रायोजित कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. म्हणजे मुंबईत बोललेले शब्द समुद्र ओलांडून जायचे, आणि तिथून उडी मारून मुंबईच्या दक्षिणेला दीडशे-दोनशे मैलांवर असलेल्या रत्नागिरीत उतरायचे.

सुरुवात

स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीला आपल्या टूथपेस्टसाठी हिंदी गाण्यांचा कार्यक्रम हवा होता. अमीन सयानींचे थोरले बंधू हमीद सयानी हे इंग्रजी निवेदनातले नावाजलेले नाव. त्यांच्याच बोटाला धरून अमीन या क्षेत्रात आले होते. नव्या कार्यक्रमात पत्रांचा ढीग उपसण्याचे काम होते आणि मोबदला आठवड्याला २५ रुपये, त्यामुळे मुरलेल्या मंडळींपैकी कोणी पुढे आले नाही. विशीच्या उंबरठ्यावरच्या अमीनने ते पत्करले. सुरुवातीला अर्ध्या तासात सात गाणी वाजत आणि श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा, अशी बक्षिसाची स्पर्धा होती. पन्नासेक पत्रे येतील असा अंदाज होता. पहिल्याच भागाला नऊ हजार आली, आणि वर्षभरात आठवड्याचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला, असे सयानी मुलाखतींतून सांगत.

एवढी पत्रे तपासणे माणसांच्या आवाक्याबाहेरचे होते. १९५४ च्या अखेरीस स्पर्धा बंद झाली, कार्यक्रम तासाभराचा झाला आणि सोळा गाण्यांची उतरंड खालून वर चढत पहिल्या क्रमांकापर्यंत जाऊ लागली. बुधवार, रात्री आठ ते नऊ. क्रमांकाला ‘पायदान’ म्हणत. बराच काळ गाजून मानाने निवृत्त होणाऱ्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणत आणि त्याच्यासाठी बिगुल वाजे. वर्षाच्या शेवटी सबंध वर्षाची यादी लागे. १९५३ च्या यादीत शिखरावर ‘ये ज़िंदगी उसी की है’ हे सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केलेले, लता मंगेशकरांनी गायलेले गाणे होते. १९७५ चे पहिले गाणे महागाईवरचे. रेशनच्या रांगा आणि रॉकेलचा तुटवडा सोसलेल्या श्रोत्यांनी ते वर चढवले, यात नवल नाही.

सयानींच्या भाषेचा उगम त्यांच्या घरात आहे. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून ‘रहबर’ हे नियतकालिक चालवत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे आणि त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी असे. त्या कामात अमीनचा हातभार होता. ‘बहनों और भाइयों’ ही त्यांची हाक, बहिणींना आधी मान देणारी, या वळणातलीच. मालवणी, कोंकणी, आगरी, दालदी बोलणाऱ्या आणि हिंदी फक्त सिनेमातून ऐकलेल्या माणसांना ही भाषा विनासायास कळली. आकाशवाणीच्या बातम्यांतली संस्कृतप्रचुर हिंदी त्या मानाने परकी वाटे.

क्रमवारी कशी ठरे

पहिला आधार तबकड्यांच्या विक्रीचा. मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांकडून आकडे मागवले जात. त्यात एक गोम लवकरच दिसली: गाणे इतके गाजे की तबकड्या संपत, आणि संपल्या की विक्री शून्य होऊन गाणे खाली घसरे. शिवाय दुकानदारांना हाताशी धरून आकडे फुगवण्याचे प्रकार होऊ लागले. पत्रांचेही तेच, एकाच हस्ताक्षरातली गठ्ठ्याने येऊ लागली. त्यावर तोड म्हणून ठिकठिकाणच्या श्रोता संघांची मते घेण्याची पद्धत आली आणि विक्री व श्रोत्यांची पसंती यांचा मेळ घालून क्रम लावला जाऊ लागला.

या हिशेबात कोकणाचे वजन कमीच पडले असणार. तबकडी विकत घ्यायची तर ग्रामोफोन हवा, आणि तो खोतांच्या, सावकारांच्या किंवा एखाद्या आफ्रिकेहून परतलेल्या घरातच दिसे. बाकीच्यांच्या हातात होते ते पोस्टकार्ड. गिरणगावातल्या खोल्यांत राहणारे चाकरमानी मात्र मुंबईचे श्रोते म्हणून धरले जात. त्यांची आवड आणि गावाकडची आवड यांत फरक करणे अवघड. एकच कुटुंब दोन जागी राहत होते, आणि बुधवारी दोन्ही जागी तोच कार्यक्रम लागत होता.

कोकणातले श्रवण

कोकण किनाऱ्यापासून कोलंबो हवाई अंतराने साधारण बाराशे ते पंधराशे किलोमीटर. लघुलहरी आकाशातल्या आयनांबराच्या थरावर आदळून परत जमिनीकडे येतात, त्यामुळे मध्ये डोंगर आहे की दरी याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या खबदाडीत वसलेल्या वाडीलाही सिलोन मिळे. मुंबई केंद्राच्या मध्यमलहरी खाऱ्या पाण्यावरून लांबवर जातात, म्हणून किनाऱ्यालगत मुंबई बरी लागे आणि घाटाखालच्या गावांत ती क्षीण होई. सिलोनला हा भेद नव्हता. त्याचा दोष दुसरा होता: आवाज लाटेसारखा वरखाली होई. ऐन पहिल्या पायदानाच्या वेळी तो बुडाला की घरात सगळ्यांचा श्वास अडके, आणि वर आला तेव्हा गाण्याचे एक कडवे होऊन गेलेले असे.

साठच्या दशकापर्यंत रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हची लाकडी पेटी. वीज नसलेल्या गावात ती जाड सुक्या बॅटरीवर चाले. घराच्या पन्हाळीपासून माडाच्या किंवा पोफळीच्या खोडापर्यंत तारेची एरियल ताणलेली असे. दुसरी तार जमिनीत पुरलेली, शक्यतो न्हाणीच्या पाण्याच्या ओलीत, म्हणजे अर्थिंग बरे मिळे. पेटी सुरू केली की व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर काहीच ऐकू येत नसे. मग खरखर, मग शिट्टी, मग कुठलेसे परदेशी केंद्र, आणि काटा केसाच्या अंतराने सरकवत गेले की ४१ मीटरवर सिलोन. डायलच्या काचेवर त्या जागी कोणी पेन्सिलीची रेघ मारून ठेवी, कोणी कुंकवाचा ठिपका लावी. लहान मुलांनी बटणाला हात लावायचा नाही, हा नियम पुष्कळ घरांत होता. लावलाच तर ती केसभर जागा पुन्हा शोधण्यात पहिली दोन गाणी हुकत.

रेडिओला टपाल खात्याचा परवाना लागे. त्याचे पुस्तक घेऊन वर्षाला पोस्टात जायचे, पैसे भरायचे आणि तिकीट लावून घ्यायचे. गावात पोस्टमास्तर ओळखीचा, त्यामुळे कोणाकडे किती सेट आहेत हे त्याला परवान्यावाचूनही ठाऊक असे. ऐंशीच्या दशकात हा परवाना रद्द झाला.

एका पेटीभोवती वाडीतली वीस-पंचवीस माणसे जमत. बुधवार हा कोकणात मासळीचा वार. संध्याकाळी बांगड्याचे तिखले चुलीवर असायचे आणि जेवण साडेसातच्या आत उरकायची घाई, नाहीतर नऊनंतर. बायका माजघराच्या दाराशी, पुरुष ओटीवर, पोरे खळ्यात. बाजारपेठेतल्या चहाच्या दुकानाची गोष्ट वेगळी. तिथे रेडिओ हे गिऱ्हाईक बसवून ठेवण्याचे साधन होते आणि बुधवारी एका कपावर तासभर बसणाऱ्याला मालक उठवत नसे.

मग ट्रान्झिस्टर आला. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीने गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांच्या हातात कातडी वेष्टणातला सेट दिसू लागला, आणि सत्तरच्या दशकात आखातात गेलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतून जपानी टू-इन-वन. सेल महाग पडत. उतरले की उन्हात वाळत घालायचे आणि अजून दोन आठवडे ओढायचे, हा घरगुती इलाज. पावसाळ्यात उन्हाचाच पत्ता नसल्यामुळे तोही बंद पडे. मच्छीमार होड्यांवर ट्रान्झिस्टर गेला तो आकाशवाणीवरच्या हवामानाच्या इशाऱ्यांसाठी. सोबत सिलोनही गेले.

पावसाचा आणि या कार्यक्रमाचा उभा दावा होता. मृगाआधीच्या वळिवात आणि हस्ताच्या परतीच्या पावसात विजा चमकल्या की लघुलहरींवर कडकडाट उमटे आणि गाणे त्याखाली चिरडून जाई. वीज पडेल या धास्तीने एरियलची तार काढून ठेवली जाई ती निराळीच. भर आषाढात मात्र विजा कमी, नुसती संततधार. तेव्हा अडचण ओल धरलेल्या पेटीची. दसऱ्यानंतर हवा मोकळी झाली की ऐकणे सुधारत जाई, आणि डिसेंबरअखेरचा वार्षिक कार्यक्रम बहुधा स्वच्छ ऐकू येई. हा योगायोग श्रोत्यांच्या पथ्यावर पडला.

गीतमालेच्या नोंदी ठेवणारे नादिष्ट गावोगाव होते. शाळेच्या शंभरपानी वहीत उभ्या रेघा मारून स्तंभ पाडलेले: या आठवड्याचे पायदान, गेल्या आठवड्याचे, गाणे, चित्रपट, गायक, संगीतकार. आवाज बुडाला तर तिथे प्रश्नचिन्ह, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात किंवा शाळेत दुसऱ्या वहीवाल्याला गाठून ते भरून काढायचे. अशा वह्यांच्या आधारे चाहत्यांनी पुढे वर्षवार याद्या जुळवल्या. वाळवी आणि बुरशी यांच्या तावडीतून कोकणातल्या वह्या फारशा वाचत नाहीत.

बिनाकाच्या खोक्यात प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी मिळत. मुलांना त्यांचेच वेड अधिक. किनाऱ्यावर दात घासायला राखुंडी, मीठ नाहीतर आंब्याचे पान यांची सवय असलेल्या घरांत ही पेस्ट शिरली ती या प्राण्यांमुळे आणि या गाण्यांमुळे. जाहिरातीचा पैसा वसूल झाला म्हणायचा.

चाली आणि गावातले संगीत

कोकणातल्या लोककला चाली उसन्या घेताना संकोचत नाहीत. गणपतीतले जाखडी नाच, शक्ती-तुऱ्याचे सामने आणि डबलबारी भजने यांत चालू हिंदी गाण्याच्या चालीवर नवे शब्द बांधण्याची रीत जुनी आहे. बुवांना आणि शाहिरांना त्या चाली मिळण्याचा हुकमी मार्ग रेडिओ हाच होता. गीतमालेत वर चढलेले गाणे सगळ्यांच्या कानात असे, त्यामुळे त्या चालीवरचे कवन किंवा गजर ऐकणाऱ्याला लगेच धरता येई. एकच गाणे आठवडेच्या आठवडे वाजण्याचा फायदा इथे होई: तबकडी नसलेल्या पेटीवाल्याला सूर बसवायला दर बुधवारी आणखी एक संधी मिळे. जुन्या ढंगाच्या बुवांनी याला नाके मुरडली, तरुणांनी टाळ्या दिल्या. तो वाद आजही मिटलेला नाही, फक्त गाणी बदलली.

वाजणाऱ्या संगीतात किनाऱ्याचा वाटा मोठा होता, हे श्रोत्यांपैकी थोड्यांना माहीत असे. मंगेशकर घराण्याचे मूळ गोव्यातल्या मंगेशीचे. संगीतकार वसंत देसाई कुडाळजवळच्या सोनवड्याचे. एन. दत्ता गोव्याचे. १९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षे वार्षिक यादीत पहिले आलेले गाणे लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीचे होते, आणि त्यातले लक्ष्मीकांत हे कुडाळकर. मुंबईच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन धरणारे आणि त्यांची स्वरलिपी लिहिणारे बहुतांशी गोव्याचे ख्रिस्ती वादक. शंकर–जयकिशन यांच्या गाण्यांमागचे वाद्यमेळाचे काम सेबॅस्टियन डिसूझा यांचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. निवेदनात गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे येत, वाद्यसंयोजकाचे सहसा येत नसे. तबकडीवरही ते नसे. त्यामुळे मडगावातल्या श्रोत्याला आपल्याच शेजारगावचा माणूस त्या गाण्यात आहे हे बहुधा कानोकानीच कळे.

उतरता काळ

आकाशवाणीने चूक उमगल्यावर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्यावर जाहिराती घेतल्या. सिलोनचा जाहिरातदार हळूहळू इकडे वळू लागला. गीतमालेला त्याची झळ उशिरा लागली. १९७७ साली रत्नागिरीला आकाशवाणीचे केंद्र निघाले आणि घरचा आवाज मध्यमलहरींवर मिळू लागला, तरी बुधवार आठची वेळ सिलोनकडेच राहिली.

खरा धक्का कॅसेटने दिला. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी बाजारात ओतल्या गेल्या आणि हवे ते गाणे हवे तेव्हा वाजवता येऊ लागले; पुढच्या बुधवारची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. दूरदर्शनचे ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ यांनी शहरांत आधीच गर्दी खेचली होती. कोकणात दूरचित्रवाणीला डोंगर आडवे आले, कारण तिच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि टेकडीआडच्या वाडीला चुकवतात. बांबूला बांबू जोडून उंचावर एरियल चढवूनही पडद्यावर मुंग्याच दिसत. त्यामुळे रेडिओचे राज्य इथे आणखी काही वर्षे टिकले. कार्यक्रम १९८९ मध्ये विविध भारतीवर आला तेव्हा आवाज स्पष्ट झाला, पण वेळ आणि लांबी बदलत राहिली आणि पूर्वीची पकड सुटली. १९९४ मध्ये तो थांबला. सिबाका हे नाव कोलगेटकडे गेल्यानंतर ‘कोलगेट सिबाका’ या नावाने जे पुनरुज्जीवन झाले, त्याला जुन्या श्रोत्यांनी आस्थेने कान दिला. नवे फारसे आले नाहीत.

अमीन सयानींना २००९ साली पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वार्षिक याद्यांमधली गाणी आणि त्यांचे निवेदन यांची ‘गीतमाला की छाँव में’ ही मालिका सारेगामाने काढली, आणि २०१७ मध्ये आलेल्या त्याच कंपनीच्या ‘कारवाँ’ या रेडिओसारख्या दिसणाऱ्या यंत्रातही गीतमालेचा स्वतंत्र विभाग आहे. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी मुंबईहून नेण्याच्या वस्तूंत हे यंत्र आता दिसते. त्यातली निवेदने मागे वळून पाहणारी, वर्षवार मांडलेली आहेत. दर आठवड्याची चढउतार, म्हणजे वहीवाले जिच्यासाठी पेन्सिल घेऊन बसत ती, त्यात नाही.